कोलोनोस्कोपी शिकणाऱ्याचे हात: काय पाहायचं, काय मोजायचं

लातूर जिल्ह्यातल्या एका सर्जन सहकाऱ्यांचा प्रश्न असा आहे: "आमच्याकडे दोन रेसिडेंट कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी) शिकताहेत. दोघांनाही मी एकाच पद्धतीने शिकवतो. एकाचा स्कोप (दुर्बिणीची नळी) बहुतेक वेळा सिकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या पार आतल्या टोकापर्यंत, जातो, दुसरीचा सिग्मॉइडमध्येच, म्हणजे गुदाशयालगतच्या वळणदार भागातच, अडतो. मॉनिटरकडे पाहून मला फरक कळत नाही. डॉक्टरांच्या हातांना सेन्सर लावून हालचालींचा अभ्यास करतात असं वाचलं. शिकवायला त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि आपल्या भागात ते जमेल का? जमत असेल तर काय काय विकत घ्यावं लागेल?"

डॉक्टर, उपयोग होतो आणि आपल्याकडे जमतंही. पण सेन्सरकडे वळण्याआधी तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर थांबू या. तुम्ही मॉनिटरकडे पाहून फरक शोधताय. मॉनिटरवर फक्त परिणाम दिसतो, तोही उशिरा. टोक भिंतीला टेकलं की सगळं लालेलाल होतं, हे दोघांच्याही तपासणीत होत असणार. ते होण्याआधीच्या काही सेकंदांत उजव्या हाताने काय केलं, तिथे खरा फरक असतो. आणि नेमक्या त्याच सेकंदांत खोलीतले सगळे, तुम्ही, सिस्टर, टेक्निशियन, मॉनिटरकडेच पाहत असता. हातांकडे कोणीच पाहत नाही.

म्हणून माझं ठाम मत असं की हालचालींचा अभ्यास आधी शिकवणाऱ्याने स्वतःवर करावा. वर्षानुवर्षं दुर्बीण टाकणाऱ्या माणसाचा हात काय करतो, हे त्याचं त्यालाच सांगता येत नाही. सिग्मॉइड कसा पार केलात असं चांगल्या एंडोस्कोपिस्टला विचारा. "थोडा टॉर्क दिला, गेला," एवढंच तो सांगेल. टॉर्क म्हणजे नळीला हाताने दिलेला पीळ. त्याच तपासणीचा हातांचा व्हिडिओ पाहिला तर दिसतं की टॉर्क देण्याआधी त्याने स्कोप दोन-तीनदा मागे घेतला, सक्शन दाबून हवा काढली, डाव्या अंगठ्याने मोठं व्हील (टोक वर-खाली वळवणारं चाक) जरासं खाली केलं, आणि मग मनगट फिरवलं. यातलं एक अक्षरही त्याने शिष्याला सांगितलेलं नसतं. शिष्याच्या कानावर फक्त "उजवीकडे वळवा" पडतं, आणि तो जागच्या जागी स्कोप पिळत बसतो.

मागे घेण्याला इतकं महत्त्व का, हे जरा खोलात जाऊन पाहू, कारण सगळं मोजमाप त्यावरच उभं आहे. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पण लूप (नळीला पडलेला वेढा) काढून सरळ केलेला स्कोप सिकमला पोचतो तेव्हा गुदद्वारापाशी ७० ते ८० सेंटिमीटरची खूण दिसते. म्हणजे निम्मं आतडं स्कोपवर चुण्या पडून गोळा झालेलं असतं. पायजम्यात नाडी ओवताना आपण हेच करतो: पिन नुसती पुढे रेटली तर अडते, कापड मागे ओढून पिनेवर गोळा केलं की सरकते. सिग्मॉइड हा मेसेंटरीवर, म्हणजे आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी बांधणाऱ्या पडद्यावर, लोंबणारा, मोकळा हलणारा भाग. तिथे नुसतं ढकललं की स्कोप पुढे जाण्याऐवजी आतड्याला ताणून वर उचलतो. एन लूप किंवा अल्फा लूप (आकारावरून पडलेली नावं) होतो तो असा. हात आत ढकलतोय आणि चित्र मात्र मागे सरकतंय, ही त्याची खूण. मेसेंटरी ताणली जाते म्हणून पेशंटला कळ येते. आणि लूप असताना टॉर्क टोकापर्यंत पोचतच नाही, तो वळणातच विरतो. म्हणून आधी मागे घेऊन सरळ करायचं, बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने पीळ देत, आणि मगच पुढे.

तुमच्या दुसऱ्या रेसिडेंटचे हात मी पाहिलेले नाहीत. पण सिग्मॉइडमध्ये अडणाऱ्यांच्या व्हिडिओत मला पुन्हा पुन्हा जे दिसतं ते सांगतो, तिच्यात यातलं काही आहे का पाहा.

पहिली गोष्ट उजव्या हाताची. स्कोपची नळी गुदद्वारापासून २५-३० सेंटिमीटरवर, बोटांनी धरलेली असावी. शिकणारा ती अगदी जवळ, मुठीत आवळून धरतो. जवळ धरली की प्रत्येक ढकलणं आखूड आणि झटक्याचं होतं, हात सारखा बदलावा लागतो आणि दर बदलाला टॉर्क सुटतो. मूठ आवळली की बोटांना विरोध जाणवत नाही. लूप तयार होत असल्याचा निरोप बोटांनाच आधी मिळतो, मॉनिटरला नंतर.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लहान व्हील (टोक डावी-उजवीकडे वळवणारं चाक) फिरवायला उजवा हात नळी सोडून किती वेळा वर जातो, ते मोजा. नळी सुटली की मोठ्या कष्टाने सरळ केलेला स्कोप उलटा फिरतो, लूप परत येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जाणता हात डावी-उजवी दिशा बहुतेक टॉर्कनेच मिळवतो. त्याचं मोठं व्हील डाव्या अंगठ्याखाली असतं आणि लहान व्हीलला तो क्वचितच हात लावतो. एका तपासणीत उजव्या हाताने नळी किती वेळा सोडली, एवढा एकच आकडा लिहिलात तरी शिकणाऱ्याच्या प्रगतीचं बरंच चित्र मिळतं. त्याला सेन्सर लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

इथे न्यायाने वागायला हवं. कंट्रोल हेड, म्हणजे डाव्या हातात धरायचा, दोन्ही व्हील असलेला भाग, सगळ्यांसाठी एकाच मापाचा असतो. साडेसहा किंवा त्याहून लहान नंबरचा ग्लोव्ह घालणाऱ्या डॉक्टरचा, आणि त्यात मुली जास्त, डावा अंगठा लहान व्हीलपर्यंत पोचतच नाही. मग तिचा उजवा हात वर जातो तो सवय वाईट आहे म्हणून नव्हे, तर अंगठा पुरत नाही म्हणून. तुमच्या दोन रेसिडेंटमधला फरक हाताच्या मापाचा तर नाही ना, हे आधी तपासा. तसं असेल तर तिला दुसरी पद्धत शिकवावी लागेल: टॉर्कवर अधिक भर, आणि व्हील फिरवणं भागच असेल तर आधी सिस्टरला नळी धरायला लावून मगच हात वर. "तुझा हात चालत नाही" असं ऐकून कितीतरी चांगल्या मुली स्कोप सोडून देतात. नीट पाहिलं असतं तर त्यांना सहज शिकवता आलं असतं, म्हणून मला याची फार हळहळ वाटते.

तिसरी गोष्ट पेशंटच्या बाहेरच्या लूपची. एकाच दिशेने टॉर्क देत गेलं की कंट्रोल हेड आणि पेशंट यांच्यामधल्या नळीलाही वेढा पडतो आणि स्कोप जड लागतो. अनुभवी माणूस न बोलता कंट्रोल हेड फिरवून किंवा एक पाऊल सरकून तो वेढा काढतो. नवशिक्याचे पाय मात्र जमिनीला खिळलेले असतात. पायांचा व्हिडिओ काढावा असं सहसा कोणाला सुचत नाही, पण तोही काढा.

आता सेन्सरकडे. कामाच्या हालचाली टिपून त्या सुधारायच्या ही कल्पना शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने गवंड्यांच्या विटा रचण्याच्या हालचालींचा अभ्यास केला, पुढे १९१०च्या दशकात शस्त्रक्रियांच्याही फिल्म काढल्या. सर्जनने हत्यार शोधत बसू नये, नर्सने ते त्याच्या हातात द्यावं, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी पद्धत रुजवण्यात त्यांच्या अभ्यासाचा वाटा आहे. नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने सर्जनच्या हातांच्या पाठीवर विद्युतचुंबकीय सेन्सर लावून हाताने कापलेलं अंतर, हालचालींची संख्या आणि वेळ मोजला. कोलोनोस्कोपीत हेच वेगवेगळ्या मार्गांनी झालं. कोपनहेगनच्या एका गटाने व्हिडिओ गेमसाठी बनवलेला किनेक्ट कॅमेरा वापरून अनुभवी आणि नवख्या डॉक्टरांच्या हालचालींची तुलना केली. नळीवर बसवून ढकलण्या-ओढण्याचा जोर आणि पीळ मोजणारं उपकरणही बनलं. आणि चुंबकीय इमेजर तर आता बाजारात मिळतो. त्यात आतला लूप क्ष-किरणांशिवाय दिसतो. परवडत असेल तर शिकवण्यासाठी यासारखं साधन नाही, कारण हाताने केलेल्या कृतीचा आतल्या नळीवर काय परिणाम झाला ते शिकणाऱ्याला त्याच क्षणी दिसतं.

हाताच्या कसबाचा पेशंटवर खरंच परिणाम होतो का, ही शंका रास्त आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांचे व्हिडिओ त्यांच्याच सहव्यावसायिकांकडून तपासून घेतले गेले. नावं झाकलेली होती, फक्त पोटातली हत्यारं चालताना दिसत होती. सर्वात कमी गुण मिळालेल्या गटात गुंतागुंतीचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, सर्वात जास्त गुणांच्या गटात ५.२ टक्के. ती शस्त्रक्रिया वेगळी, पण हाताचं कसब पाहून बरंच कळतं, हे त्यातून स्पष्ट होतं.

शिकवण्याची शिस्त लागली की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत सिकमपर्यंत पोचण्याचं प्रमाण ७६.९ टक्के होतं, आणि पहिल्या १०० तपासण्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर जेमतेम १७ टक्के. त्यानंतर प्रशिक्षण केंद्रं, नजरेसमोर मूल्यमापन आणि शिकवणाऱ्यांसाठीही अभ्यासक्रम आले. २०११च्या देशव्यापी पाहणीत तेच प्रमाण ९२.३ टक्के झालं. डॉक्टर त्याच देशातले, शिकवण्याची रीत बदलली.

आपल्याकडे मात्र अजून आकड्यावरच भिस्त: किती केल्या? पूर्वी १४० तपासण्या झाल्या की पात्रता तपासावी असा अमेरिकेतला संकेत होता. मेयो क्लिनिकच्या २०११च्या अभ्यासात सरासरी माणसाला २७५च्या आसपास लागतात असं दिसलं. पण सरासरी ती सरासरी. कोणी लवकर तयार होतो, कोणी चारशेनंतरही ढकलतच राहतो, कारण ढकलण्याचीच सवय चारशे वेळा पक्की झालेली असते.

मराठवाड्यात या सगळ्याला आणखी एक बाजू आहे. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि उस्मानाबाद (आता धाराशिव)-बीड इथल्या कर्करोग नोंदणी पाहिल्या तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. त्यामुळे तिकडची पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरची गाठ) सापडण्याची उद्दिष्टं जशीच्या तशी आपल्या रेसिडेंटला लावणं योग्य नाही. पण आपल्याकडे आतड्याचा टीबी आहे, आणि तो बहुधा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसतो. म्हणजे आपल्या पेशंटचं निदान रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यावर असतं. सिग्मॉइडमधून परत फिरलेली तपासणी त्याच्या काहीच कामाची नाही. शिवाय तो किनवटहून किंवा आष्टीहून आलेला असतो. आदल्या दिवशी औषधाचं पाणी लिटर-लिटर प्यायलेलं, रात्रभर जागरण, मग एसटीचा प्रवास. "पुन्हा ते पाणी प्यायचं का?" असं तो विचारतो तेव्हा त्यामागे बुडालेली दोन दिवसांची मजुरी असते. माझ्या दृष्टीने हातांचा अभ्यास करायचा तो या माणसासाठी.

आता करायचं कसं. दोन मोबाइल पुरतात. एक स्टँडवर, दोन्ही हात आणि नळीवरच्या सेंटिमीटरच्या खुणा दिसतील असा. दुसरा लांब, डॉक्टरचं डोक्यापासून पायापर्यंत शरीर दिसेल असा. एंडोस्कोपीचं रेकॉर्डिंग तर होतच असतं. तिन्ही जुळवायला तपासणी सुरू करताना स्कोपच्या टोकासमोर, मोबाइललाही दिसेल अशी, मोठ्याने टाळी वाजवायची. उजव्या ग्लोव्हच्या पाठीवर मार्करने जाड बाण काढा. मनगट किती अंश फिरलं ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं. पेशंटचा चेहरा फ्रेममध्ये येता कामा नये, अंग नीट झाकलेलं हवं. संमती आधी आणि मराठीत, साध्या शब्दांत घ्यायची. गुंगीचं औषध दिल्यावर विचारलेली संमती ही संमतीच नव्हे. रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर फिरवायचं नाही. याचं संशोधन करून छापायचं असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी सुरुवातीलाच घ्या.

मग त्याच दिवशी, शक्य तर दुपारच्या ओपीडीआधी, रेसिडेंटबरोबर बसा. सगळं पाहू नका. सिग्मॉइडची पाच मिनिटं पुरेत. आवाज बंद ठेवा. आधी तिला बोलू द्या: हात इथे काय करतोय, का करतोय. मग खुणा पाहा. चित्र पुढे गेलेलं नसताना आत गेलेली नळी ३०वरून ५०वर गेली, म्हणजे वीस सेंटिमीटरचा लूप झाला. या मोजमापाला महागडं यंत्र लागत नाही, स्कोपच्या कंपनीने ते नळीवर छापूनच दिलेलं आहे. आणि तुमचा स्वतःचा व्हिडिओ तिच्या आधी दाखवा. त्याने दोन गोष्टी साधतात: तिचा संकोच जातो, आणि तुम्ही आजवर न बोललेलं बोलायला लागता.

आकडे हाती आले की त्यांचा अर्थ लावताना सांभाळा. स्कोप आत जाताना हालचाली कमी, सलग आणि बिनझटक्याच्या असणं चांगलं. बाहेर येताना मात्र हेच माप उलटं पडतं. परतताना प्रत्येक घडीच्या मागे डोकावायचं असतं, टोक चारी बाजूंना फिरवायचं असतं, पाणी मारून, शोषून, पुन्हा थोडं आत जाऊन पाहायचं असतं. परतीला किमान ६ मिनिटं द्यावीत हा दंडक २००६च्या अमेरिकन अभ्यासातून आला, आता तिकडे ८ मिनिटांची शिफारस आहे. परतीच्या वाटेवर ज्याचा हात कमी हलतो तो कुशल नाही, तो घाईत आहे. जाण्या-येण्याचा मिळून एकच "हालचालींचा गुण" देणारं सॉफ्टवेअर कोणी विकायला आलं तर त्याला हा प्रश्न जरूर विचारा.

स्वच्छता नीट झालेली नसली की धुण्यातच वेळ जातो आणि आकडे बिघडतात. म्हणून दर तपासणीपुढे बोस्टन स्केलचे, म्हणजे आतडं किती स्वच्छ आहे याचे, गुण लिहा. आधी ऑपरेशन झालेलं पोट, फार बारीक बाई, ताणलेलं आतडं, याचीही नोंद ठेवा. कधी हात स्थिर असतो तो आतड्याचा आवळ सैल होण्याची वाट पाहत. ते थांबणं शहाणपणाचं असतं. सेन्सरला हे कळत नाही, शेजारी उभ्या शिक्षकाला कळतं.

शरीराबद्दलही सांगायला हवं, कारण एंडोस्कोपी करणाऱ्यांत हात, अंगठा, मान, पाठ यांची दुखणी फार आहेत. वेगवेगळ्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त डॉक्टर तक्रार सांगतात. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी डी क्वेर्व्हेनचं दुखणं तर ओळखीचंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २००९ साली अंगठ्याच्या चिमटीचा जोर आणि पुढच्या हाताच्या स्नायूंवरचा ताण मोजून दाखवला. लांबून काढलेल्या व्हिडिओत पाहा: पलंग कोपराच्या उंचीला किंवा त्याखाली १० सेंटिमीटरच्या आत आहे का, की ती खांदा वर उचलून काम करतेय? मॉनिटर समोर, नजरेच्या रेषेखाली १५ ते २५ अंशांवर आहे, की ट्रॉलीवर उंच आणि एका बाजूला? आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांत ट्रॉली जिथे मावते तिथे मॉनिटर असतो, आणि मग डॉक्टर दिवसभर मान वळवून उभा. लूप लागला की माणूस नकळत पुढे झुकतो, खांदे आवळतो, श्वास धरतो. असं दिसलं की मी हात थांबवायला सांगतो. त्या अवस्थेत पुढे ढकललेला प्रत्येक सेंटिमीटर पेशंटच्या आतड्यावर जोर टाकतो.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. पैसे थोडे असतील तर आधी उंची बदलणारा पलंग आणि मॉनिटरसाठी भिंतीचा हलता हात घ्या. त्यातून तुमच्या दोन्ही रेसिडेंटची उभं राहण्याची पद्धत त्याच दिवशी सुधारेल. त्यानंतर रबरी आतड्याचं मॉडेल, ज्यात लूप मुद्दाम करून सोडवता येतो. आता मोफत मिळणारी सॉफ्टवेअर व्हिडिओतून हाताचे सांधे ओळखतात, तीही वापरून पाहा, मात्र ग्लोव्ह आणि नळीच्या आड बोटं गेली की ती गोंधळतात. सेन्सर सगळ्यात शेवटी. घ्यायचेच ठरलं तर घड्याळाएवढे, गती आणि फिरणं दोन्ही टिपणारे दोन घ्या: एक उजव्या हाताच्या पाठीवर ग्लोव्हच्या आत, एक डाव्या मनगटावर. कच्चा डेटा स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवता येतो का, हे पैसे देण्याआधी तपासा. आणि पहिले काही महिने या रेसिडेंटची तुलना त्या रेसिडेंटशी करू नका. तिची आजची तपासणी तिच्याच गेल्या महिन्याच्या तपासणीशेजारी ठेवा.